पार्टनर बदलला की माणूस फितूर होतो का?

माझी भाची तेरा वर्षांची आहे, नेरूळला राहते आणि चार चाकांच्या क्वाड स्केटवर आर्टिस्टिक स्केटिंग करते, तेही जोडीत. तिचा जोडीदार यंदा दहावीत गेला. क्लासची बॅच सकाळी साडेसहाची, त्यामुळे स्केटिंगला रामराम. त्याच्या आईवडिलांना दोष देण्यात काही अर्थ नाही, आपण सगळ्यांनी आपापल्या पोरांना हेच केलंय. पण ही बिचारी अडकली ना. नेरूळ, सीवूड्स, बेलापूर सगळं पालथं घातलं, तिच्या तयारीचा एक मुलगा मिळेना. शेवटी मिळाला तो ठाण्यात. आता आठवड्यातून तीन दिवस ती स्केटची भलीमोठी बॅग पाठीला लावून ट्रान्स हार्बरने ठाण्याला जाते आणि पुढच्या स्पर्धेत तिथल्या क्लबकडून उतरायचं म्हणते. झालं! जुन्या क्लबच्या पालकांमध्ये जो गदारोळ सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. "आम्ही घडवलं आणि मेडल ठाण्याला?" इथून निघालेली गाडी एका काकांनी थेट "ही गद्दारी आहे" पर्यंत नेली. तेरा वर्षांच्या मुलीबद्दल. एनओसी, म्हणजे क्लब सोडायचं ना-हरकत पत्र, अर्थातच लटकलेली आहे.

गंमत म्हणजे हेच काका दर रविवारी कट्ट्यावर तावातावाने सांगत असतात की परदेशातल्या ओसीआय कार्डवाल्या, म्हणजे भारतीय वंशाच्या पण परदेशी पासपोर्टच्या, पोरांना आपल्या फुटबॉल टीममध्ये घ्यायलाच पाहिजे, त्याशिवाय भारताचं काही खरं नाही. म्हणजे दुसऱ्याचा आपल्याकडे आला तर तो मायभूमीच्या ओढीने आला आणि आपला दुसरीकडे गेला तर फितूर? हा हिशोब मला तरी जमत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खेळाडूने क्लब बदलला, राज्य बदललं, अगदी देश बदलला तरी त्याला फितुरी म्हणणं चूक आहे आणि जोडीच्या खेळात तर तो सरळ अन्याय आहे. नियमांवर भांडा की, किती महिने थांबायचं, भरपाई कोणी कोणाला द्यायची, नागरिकत्व कधी मिळावं, हे सगळे खरे प्रश्न आहेत. पण निष्ठेच्या नावाने गळा काढू नका, कारण निष्ठा आपण फक्त खेळाडूकडे मागतो. संघटनेनेही खेळाडूशी काही निष्ठा ठेवायची असते हे आपल्या गावीही नसतं.

बर्फावरचं पेअर फिगर स्केटिंग ज्यांनी टीव्हीवर तरी पाहिलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. मुलगा मुलीला डोक्यावर हात ताठ करून उचलतो आणि तसाच पूर्ण वेगात बर्फावरून जातो, मग तिला लांब फेकतो, ती हवेत तीन गिरक्या मारून सुरीसारख्या पात्यावर एका पायाने उतरते. इथे जोडीदार म्हणजे कॅरममधला भिडू नव्हे की आज हा नाही तर उद्या तो. उंची, वजन, वेग, गिरकी डावीकडून घेतो की उजवीकडून, आणि सगळ्यात वर म्हणजे पडताना समोरचा आपल्याला धरेल ही खात्री, एवढं जुळावं लागतं. असा माणूस आपल्याच पिनकोडात जन्मलेला असेल ही अपेक्षा कुठल्या तर्काने करायची?

अल्योना सावचेन्कोचं करिअर बघा. १९८४चा जन्म, युक्रेनमधली, कीव्हजवळच्या ओबुखीवची. स्तानिस्लाव मोरोझोव्हबरोबर २००० साली ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन झाली, २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकला गेली, तिथे पंधरावा नंबर, आणि नंतर ती जोडी तुटली. अठरा वर्षांची पोरगी, अंगात आग, आणि जोडीदार नाही. तिकडे जर्मनीत खेम्निट्समध्ये रॉबिन शोल्कोवी नावाचा मुलगा तसाच बसलेला, जन्म पूर्व जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डचा, वडील टांझानियाचे, त्याचीही जोडी मोडलेली. कोच इंगो स्टॉयरने दोघांना एकत्र आणलं. २००३ मध्ये ती जर्मनीला गेली, २००५च्या डिसेंबरात नागरिकत्व मिळालं, दोन महिन्यांवर तुरिन ऑलिम्पिक, तिथे सहावी. त्यानंतर २००८, २००९, २०११, २०१२, २०१४ अशी पाच वर्ल्ड टायटलं आणि २०१० व २०१४ ला ऑलिम्पिक ब्राँझ.

आता "स्थानिक पोराची जागा जाते" हा जो नेहमीचा आक्षेप असतो तो इथे लावून बघा. कोणाची जागा गेली? तिच्या येण्याने एका जर्मन मुलाला जागा मिळाली! ती आली नसती तर शोल्कोवी पाच वेळा जगज्जेता झाला नसता. जोडीच्या खेळात बाहेरून आलेला माणूस निम्मी खुर्ची घेतो आणि उरलेली निम्मी त्याच्याचमुळे तयार होते. माझी भाची ठाण्याला गेली तेव्हा तिथल्या मुलाचाही पार्टनर नव्हताच की, तोही रिंकवर एकटाच गोल गोल फिरत होता. ही गोष्ट आमच्या काकांना दोनदा सांगून झाली, पण ऐकतंय कोण.

सावचेन्कोची गोष्ट मला आवडते ती पुढच्या भागामुळे. २०१४ नंतर शोल्कोवी निवृत्त झाला. ही तिशीची, दोन ब्राँझ गळ्यात, कोणीही म्हणालं असतं आता पुरे. हिने फ्रान्सचा ब्रुनो मासो शोधला. फ्रेंच फेडरेशन त्याला सोडेना. कित्येक महिने दोघं स्पर्धेविना नुसता सराव करत राहिले आणि अखेर पैसे मोजल्यावर सुटका झाली, तीस हजार युरोचा आकडा तेव्हा छापून आला होता. मग नागरिकत्वाची भानगड. वर्ल्ड चॅम्पियनशिपला दोघांपैकी एकजण त्या देशाचा असला तरी चालतं, ऑलिम्पिकला मात्र दोघंही लागतात. मासो जर्मन भाषेच्या परीक्षेत नापास झाला, पुन्हा बसला, आणि २०१७च्या नोव्हेंबरात एकदाचा पासपोर्ट हातात आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्याँगचँग ऑलिम्पिकला पहिल्या फेरीत, शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, ह्याच मासोने तीन गिरक्यांच्या उडीत दोनच मारल्या आणि जोडी चौथ्या नंबरवर गेली, पहिल्या नंबरच्या चिनी जोडीपेक्षा जवळजवळ सहा गुण मागे. दुसऱ्या दिवशी फ्री स्केटच्या दुसऱ्या फेरीत १५९.३१ गुण, तेव्हाचा जागतिक विक्रम, एकूण २३५.९०, आणि सुवर्ण फक्त ०.४३ गुणांनी. ती चौतीस वर्षांची होती आणि तिचं ते पाचवं ऑलिम्पिक होतं. जर्मनीला जोडीचं सुवर्ण त्याआधी मिळालं होतं १९५२ मध्ये.

एक युक्रेनी बाई, एक फ्रेंच बाप्या, आणि राष्ट्रगीत जर्मन. काकांच्या व्याख्येने दोघंही गद्दार. पण ह्याच बाईबद्दल अजून एक गोष्ट आहे. तिचा कोच स्टॉयर पूर्व जर्मनीच्या काळात तिथल्या गुप्त पोलिसांचा खबऱ्या होता हे उघड झालं, २००६च्या ऑलिम्पिकला त्याला टीमबरोबर न्यायचं नाही असं ठरलं, त्याने कोर्टात जाऊन परवानगी मिळवली. सरकारी मदतीवर त्याचा परिणाम झाला तरी हे दोघं त्याच्याबरोबर पुढची आठ वर्षं राहिले. बरोबर केलं की चूक तो वेगळा वाद, मला स्वतःला ते फारसं पटलेलं नाही. पण मग सांगा, देश बदलणारी पण कोच न सोडणारी ही बाई निष्ठावान की बेइमान? निष्ठा मोजायची फूटपट्टी कुठली?

आणि आपण तरी कुठे एका फूटपट्टीने मोजतो? सौरभ नेत्रावळकर आठवतोय ना? मुंबईचा पोरगा, २०१० मध्ये भारताकडून अंडर नाईन्टीन वर्ल्ड कप खेळलेला, मुंबईकडून रणजी खेळलेला, पुढे शिकायला अमेरिकेला गेला, इंजिनीयर झाला. २०२४च्या टी ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये त्याने अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली आणि आपल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर "आपला मराठी मुलगा" म्हणून फटाके फुटले. सहा दिवसांनी त्याच मुलाने न्यूयॉर्कमध्ये कोहलीला पहिल्या बॉलवर आणि रोहितला तीनवर घरी पाठवलं, भारताविरुद्ध बरं का, तरीही आपलं कौतुक चालूच. मला त्याचा आनंदच आहे. पण नेत्रावळकरला पुरणपोळी आणि नेरूळच्या मुलीला शिव्या, असं का? तो लांब गेला म्हणून आपल्याला टोचलं नाही आणि ही जवळ गेली म्हणून टोचलं, एवढंच तर कारण नाही ना?

यशस्वी जैस्वालचं तसंच. भदोहीहून लहानपणी आलेला मुलगा, आझाद मैदानावर तंबूत राहिला, मुंबईने त्याला आपला म्हटलं, छान. २०२५ मध्ये त्याने गोव्याकडून खेळायला एनओसी मागितली तर अचानक उपकार काढले गेले. पुढे त्याने अर्ज मागे घेतला तो भाग निराळा. उत्तर प्रदेशने कधी मुंबईला विचारलं का, आमचा पोरगा का घेतलात म्हणून? आणि विदर्भाने २०१७-१८ ला पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा टीममध्ये वसीम जाफर होता आणि कोच चंद्रकांत पंडित, दोघंही मुंबईचे. विदर्भाच्या पोरांचं त्यात नुकसान झालं म्हणणारा मला नागपुरात एकही भेटलेला नाही.

बरं, समोरच्या बाजूचं खरं आहे ते मान्य करू. सगळ्यात दणकट मुद्दा विकत घेण्याचा आहे. २००३ मध्ये केनियाचा स्टीफन चेरोनो कतारला गेला, नाव बदलून सैफ सईद शाहीन झाला आणि लगेच त्याच वर्षी पॅरिसच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं, सुवर्ण कतारला दिलं, त्याच शर्यतीत त्याचा सख्खा भाऊ केनियाकडून धावत होता. हे बघून कुणाच्याही पोटात कालवेल. पिकलेला आंबा तोडून नेला आणि म्हणे आमच्या बागेतला. ॲथलेटिक्सवाल्यांनी अखेर २०१७ मध्ये असे बदल बंदच करून टाकले आणि नंतर परत सुरू केले ते तीन वर्षं थांबायची अट घालून. ठीक केलं. पण नीट बघा, अट कशावर घातली? थांबण्यावर. चेरोनोला चोर ठरवून प्रश्न सुटला नसता, कारण प्रश्न कतारच्या चेकबुकाचा होता. शिवाय तयार धावपटू उचलणं आणि सावचेन्कोने परक्या गावात दहा-पंधरा वर्षं घालवून तिथल्या मुलाबरोबर उभं राहणं ह्या एकाच पारड्यात टाकायच्या गोष्टी आहेत का? पहिल्यात देश माणसाला वापरतो, दुसऱ्यात माणूस तिथला होतो.

दुसरा मुद्दा खर्चाचा. युक्रेनने शिकवलं, मेडल जर्मनीला. जुन्या क्लबने नेरूळला सहा वर्षं सकाळी सहाला रिंक उघडलं, मेडल ठाण्याला. हे खरंय आणि ते लागतं, मी नाकारत नाही. त्या क्लबच्या सरांनी माझ्या भाचीला हात धरून उभं राहायला शिकवलंय, त्यांना वाईट वाटणारच. पण खर्चाचं उत्तर भरपाई असतं, फ्रान्सला पैसे मिळाले तसं. अपमान हे कुठल्या खर्चाचं उत्तर झालं? आणि फी आम्ही महिन्याच्या महिन्याला भरत होतो हेही जाता जाता सांगतो.

आता जिथे माझंच म्हणणं जरा लंगडतं तिथे येतो. सावचेन्को गेल्यावर मोरोझोव्ह तात्याना वोलोसोझारबरोबर स्केट करायला लागला, तीही युक्रेनचीच. तो निवृत्त झाल्यावर ती २०१० मध्ये रशियाला गेली, मॅक्सिम त्रान्कोव्हची जोडीदार झाली, आणि २०१४च्या फेब्रुवारीत सोचीला रशियासाठी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकली. म्हणजे एकाच युक्रेनी मुलाच्या दोन पार्टनर, दोघींनी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं आणि एकीचंही युक्रेनच्या नावावर नाही. सोचीचा समारोप झाला आणि काही दिवसांत रशियाने क्रिमिया घेतला. त्या वेळी कीव्हमध्ये बसलेल्या माणसाला मी काय सांगणार, की बाबा रे, तिला पार्टनर मिळत नव्हता? झेंडा म्हणजे नुसतं फडकं नसतं हे अशा वेळी कळतं. तिथे राग येणं मला समजतं आणि मी त्या रागाशी वाद घालणार नाही. फक्त एवढंच विचारीन, ती २०१० मध्ये घरी बसली असती तर क्रिमिया वाचला असता का? आणि दोन जगज्जेत्या मुली हातातून गेल्या तेव्हा तिथल्या फेडरेशनला कुणी जाब विचारला का? ठाणे आणि नवी मुंबईत तर अजून युद्ध पेटलेलं नाही, ऐरोली खाडीपूल मधे आहे तो फक्त ट्रॅफिकसाठी बदनाम आहे.

सगळ्यात हुशार प्रतिवाद जपानचा. नारुमी ताकाहाशी आणि मर्विन ट्रॅन ह्या जोडीने २०१२ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ मिळवलं, जोडीत जपानचं ते पहिलंच. पण ट्रॅन कॅनडाचा, जपान दुहेरी नागरिकत्व देत नाही, ऑलिम्पिकला जाता येणार नव्हतं, त्याच वर्षी जोडी फुटली. मग ताकाहाशीबरोबर र्‍युइची किहारा आला, एकेरी सोडून जोडीत आलेला जपानी मुलगा. सोचीला काही जमलं नाही, प्याँगचँगला दुसऱ्या पार्टनरबरोबर काही जमलं नाही, आणि २०१९ मध्ये रिकू मिउराबरोबर जुळलं. २०२३ मध्ये दोघं वर्ल्ड चॅम्पियन, २०२५ मध्ये परत. काका म्हणतील, बघा, पासपोर्ट न वाटता जपानने करून दाखवलं! बरोबर आहे, दाखवलं. चीननेही दाखवलं. त्यांचा जोडीचा स्केटर याओ बिन १९८०च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला शेवटचा आला होता, प्रेक्षक हसले होते, आणि त्याच्याच शिष्यांनी, शेन श्वे आणि झाओ होंगबोने, २०१० मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण नेलं, १९६४ पासून चालत आलेली सोव्हिएत-रशियन रांग तोडून. घरच्या घरी घडवता येतं, कोण नाही म्हणतंय.

पण किंमत कोणी भरली ते पण मांडा ना. चीनला तीस वर्षं लागली आणि मागे पूर्ण सरकार उभं होतं. जपानला २०१२च्या ब्राँझपासून पहिल्या सुवर्णापर्यंत अकरा वर्षं लागली आणि ताकाहाशीचं ऐन भरातलं करिअर त्या नियमाखाली गेलं. शिवाय मिउरा-किहाराने सराव कुठे केला? कॅनडात, ओंटारियोतल्या ओकव्हिलला, कॅनडाच्या कोचकडे. म्हणजे अस्सल जपानी मेडलसुद्धा कॅनडाच्याच बर्फावर गोठतं. मग परका माणूस चालत नाही पण परका बर्फ, परका कोच चालतो, ही शुद्धता नक्की कुठल्या सोवळ्यातली?

आपल्याला तर हे कळायला हवं. गामा पहिलवान दतियाच्या दरबारी होता, पुढे पतियाळाच्या आश्रयाला गेला, त्याला कुणी फितूर म्हटल्याचं ऐकिवात नाही. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातून येऊन शाहू महाराजांच्या कोल्हापुरात राहिले आणि आज जयपूर घराण्याची अर्धी नावं मराठी आहेत. जिथे तालीम, खुराक आणि कदर मिळाली तिथे गुणी माणूस गेला आणि त्या गावाने त्याला आपलं म्हटलं, ही आपलीच रीत होती. सिडकोने १९७० नंतर हे शहर वसवलं, मूळचे आगरी-कोळी सोडले तर आमच्या बिल्डिंगमधला प्रत्येकजण कुठून ना कुठून उठून आलाय. काका स्वतः जुन्नरचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्यांनी चार कंपन्या बदलल्या, दरवेळी पगार वाढवून. नोकरी आणि झेंडा एक नाही असं ते म्हणतील आणि तेवढं मी मान्य करतो, पण क्लबच्या टीशर्टाला झेंडा समजणं हेही जरा अतीच होतं.

राहता राहिला ओसीआयचा प्रश्न, तोही आपल्याकडे उलटाच मांडला जातो. २००८ पासून भारत सरकारचं धोरण आहे की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळायचं. लोक म्हणतात हे धोरण काढा की झालं. कुठलं झालं? ऑलिम्पिकला नागरिकत्वच लागतं, फिफालाही लागतं, ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. म्हणजे मूळ गाठ दुहेरी नागरिकत्वाची आहे आणि ती आपला १९५५चा कायदा सोडत नाही. त्यामुळे फुटबॉलपटू इझुमी अराताने जपानचं नागरिकत्व सोडलं तेव्हा तो भारताकडून खेळला, आणि २०२५ मध्ये फुटबॉलपटू रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला, त्याची आई मुंबईत जन्मलेली. आपण टाळ्या वाजवल्या. ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या काकांनी त्याला गद्दार म्हटलं असतं तर आपण काय म्हणालो असतो? जे म्हणालो असतो तेच जरा नेरूळच्या मुलीसाठी म्हणून बघा.

जोडीच्या स्केटिंगला आपल्याकडे परंपराच नाही असंही कोणी समजू नये. २०१० च्या ग्वांगझू एशियन गेम्समध्ये अनुपकुमार यामा आणि अवनी पांचाळ ह्यांनी रोलर स्केटिंगच्या जोडीत ब्राँझ आणलंय. आमच्या क्लबच्या वादात भाग घेणाऱ्या बारा पालकांपैकी किती जणांना ही नावं माहीत होती ते मी विचारलं, एकालाही नाही. भाचीला माहीत होती.

परवा मी तिला आणायला ठाण्याला गेलो होतो. सरावानंतर दोघं रिंकच्या कठड्यावर बसून वडापाव खात होती, मुलाच्या आईने ताक आणलं होतं. परतताना गाडीत मी तिला मुद्दाम विचारलं, तू आता नक्की कुठली गं, नेरूळची की ठाण्याची? रबाळे गेलं, घणसोली गेलं, ती खिडकीतून बाहेरच बघत होती. मग म्हणाली, "मामा, वर उचलताना त्याचे हात अजून थरथरतात, आधी ते थांबू दे ना."